बिनजोडीचा माणूस

थॉर्नशॉ गावच्या मैदानावर शनिवारी पंच म्हणून उभं राहायचं काम क्लिफर्ड सग्डनचं होतं. आठवडाभर तो गावचा खाटीक असायचा. दुकानातला पांढरा डगला आणि मैदानावरचा पांढरा डगला वेगळे होते. शनिवारचा डगला त्याची बायको एडना उकळत्या पाण्यात काढून, खळ घालून, इस्त्री करून ठेवायची. तरी गावातले टवाळ म्हणायचेच, की क्लिफ जवळून गेला की सॉसेजचा वास येतो. क्लिफर्ड असल्या बोलण्याकडे लक्ष देत नसे. त्याला लागायचं ते वेगळंच.

यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात प्रत्येक संघ आपला पंच घरून आणतो. एका टोकाला आपला, दुसऱ्या टोकाला त्यांचा. साहजिकच पाहुण्यांचा पंच लबाड असतो हे दोन्हीकडच्यांना आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. बायबलवर हात ठेवून खोटं न बोलणारी माणसं पंचाबद्दल वाटेल ते बोलतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्याच्याच शेजारी बसून भजनं म्हणतात. हे सगळे समजून घेतात. पण क्लिफर्डचा मुलगा नेव्हिल त्याच संघातून खेळायचा, आणि चांगला खेळायचा, ही खरी पंचाईत होती.

तीन वर्षांपूर्वी चषकाच्या सामन्यात नेव्हिलविरुद्ध झेलबादचं अपील झालं होतं. क्लिफर्डला बॅट लागल्याचं काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्याने नाबाद दिलं. प्रामाणिकपणे दिलं. नेव्हिलने नंतर शतक ठोकलं आणि थॉर्नशॉने चषक घेतला. तेव्हापासून खोऱ्यातल्या प्रत्येक मैदानावर नेव्हिल खेळायला उतरला की कुणीतरी ओरडायचंच, की पोरा, बाद झालास की नाही ते घरी जाऊन बाबांना विचार. दुकानात गिऱ्हाइकं हसत हसत सांगायची, क्लिफ, तराजूवर अंगठा ठेवू नकोस हं. क्लिफर्डही हसायचा. रात्री अंथरुणात मात्र तो छताकडे बघत पडायचा, आणि एडना झोपेचं सोंग करायची.

त्याला आधार सापडला तो मिस गारसाइडकडे. या बाई जन्मभर मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. सध्या त्या धावांच्या नोंदीची वही सांभाळायच्या आणि दोन षटकांच्या मधे विणकाम करायच्या. एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की अंपायर हा शब्द मुळात नकारातून आलाय. जुन्या फ्रेंचमध्ये पेर म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. त्याच्या आधी 'नाही' लावला की झाला बिनजोडीचा, विषम. दोघांचं भांडण जुंपलं आणि मिटेना, की तिसरा बोलवायचा. तो ना याच्या जोडीचा, ना त्याच्या. पुढे इंग्रजांच्या तोंडी फिरता फिरता त्यातला नकाराचा न झिजून गेला, आणि आता कुणाला त्याची आठवणही नाही.

आपल्याकडे पंच म्हटलं की पाच जण पारावर बसलेले दिसतात, एकमेकांच्या आधाराने न्याय करणारे. त्यांच्याकडे हा बिचारा एकटाच. पण क्लिफर्डला ते एकटेपण फार आवडलं. औषधाची गोळी मिळावी तसा तो शब्द त्याने घेतला आणि दिवसातून तीनदा घ्यायला लागला. दुकानात किडनीचे तुकडे करता करता तो गिऱ्हाइकांना सांगायचा, पबमध्ये सांगायचा, चर्चच्या दारात पाद्र्यालाही सांगून झालं होतं. मी बिनजोडीचा. मैदानात मला पोरगा नाही, गाव नाही. ऐकणारे मान डोलवायचे, आणि क्लिफर्डच्या छातीवरचं ओझं तेवढ्यापुरतं उतरायचं.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी कॉल्डनचा संघ येणार होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोंगरापलीकडच्या एका बड्या क्लबचा माणूस नेव्हिलला बघायला येणार होता. त्या क्लबला पुढच्या हंगामासाठी पगारी खेळाडू हवा होता. नेव्हिल सव्वीस वर्षांचा, खाली गिरणीच्या रंगखात्यात कामाला. तिथल्या वाफेने त्याला खोकला लागला होता आणि नखांतला निळा रंग रविवारीसुद्धा जात नव्हता. या वयात आपल्याला बघायला क्लबचा माणूस परत येणार नाही हे त्याला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि क्लिफर्डलाही पक्कं माहीत होतं.

सकाळी डगला त्याच्या हातात देताना एडना म्हणाली, "क्लिफ, आज त्याला जास्तीचं काही देऊ नकोस. पण त्याचं आहे ते काढून घेऊ नकोस."

"मी काय देणार आणि काय काढून घेणार? मी तर पंच."

"मला माहीत आहे तू कोण आहेस," ती म्हणाली आणि केकचा डबा बांधायला लागली.

कॉल्डनने आधी फलंदाजी केली. धावा बऱ्यापैकी झाल्या. मग चहाची सुट्टी झाली. त्या सुट्टीत लाकडी टेबलावर अंड्याचे, काकडीचे सँडविच आणि जॅमचे पाव मांडलेले असतात, आणि दोन्ही संघ युद्ध विसरून खातात. हेस्केथ नावाचा तो क्लबचा माणूस बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. सडपातळ, अबोल, साधा माणूस. त्याच्याशेजारी कॉल्डनचा कर्णधार स्टॅन्ली क्रॅबट्री चहा फुंकत उभा होता. क्रॅबट्री वेगवान गोलंदाज, आवाज त्याहून वेगवान. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं हेस्केथला सांगितलं, की नेव्हिलला बाद करायचं तर त्रिफळाच उडवावा लागतो, कारण पंच घरातलेच आहेत. लोक खळखळून हसले.

क्लिफर्डच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने कप ठेवला आणि आपलं ते व्याख्यान सुरू केलं. अंपायर म्हणजे काय, तो शब्द कुठून आला, तो ना याचा ना त्याचा. हेस्केथ सभ्यपणे ऐकत होता. शेवटी क्लिफर्ड म्हणाला, की मैदानात गेलं की मी कुणाचा कुणी नसतो, आज बघालच. हे शेवटचे दोन शब्द बोलायची काही गरज नव्हती. तोंडातून निघाले खरे.

मिस गारसाइड कोपऱ्यात केक खात होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "क्लिफर्ड, मी तिसरा म्हटलं होतं. कुणाचाच नसलेला असं नव्हते म्हणाले. त्या तिसऱ्याला दोघंही बोलवायचे, कारण दोघांचाही त्याच्यावर विश्वास असायचा."

"तेच ते," क्लिफर्ड म्हणाला आणि डगल्याची बटणं लावत मैदानाकडे निघाला. पाठीमागून एडना किटलीजवळून त्याच्याकडे बघत होती, पण त्याने मान वळवली नाही.

नेव्हिल सलामीला आला आणि सुरेख खेळायला लागला. क्लिफर्डने पोराची हजार वेळा फलंदाजी पाहिली होती, पण अशी नाही. घाई नाही, धडपड नाही. आखूड चेंडू भिंतीपलीकडे, पुढे टाकलेला चेंडू सरळ बॅटने गोलंदाजाच्या बाजूने. एकदा चेंडू क्लिफर्डच्या अगदी पायाशेजारून सीमेकडे गेला आणि त्याला बाजूला उडी मारावी लागली. नेव्हिल हसला. क्लिफर्डने हसू दाबलं. बाकावर हेस्केथ आता पुढे वाकून बसला होता.

नेव्हिलने चाळीस धावा ओलांडल्यावर क्रॅबट्रीने स्वतः चेंडू हातात घेतला आणि क्लिफर्डच्या टोकाकडून गोलंदाजीला आला. धाव घ्यायला मागे जाताना मुद्दाम क्लिफर्डच्या कानाशी पुटपुटला, "काय रे बिनजोड्या, आहेस ना जागा?"

तिसरा चेंडू आत वळला. नेव्हिल पुढे आला. बॅटच्या आतल्या कडेला बारीकसा आवाज झाला, टक्, आणि मग चेंडू पॅडवर आदळला. पॅडचा आवाज मोठा होता. पण त्याआधीचा तो बारीक आवाज क्लिफर्डने स्वच्छ ऐकला. हाडावर सुरी लागते तेव्हा जो आवाज होतो तो ऐकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बॅट लागली होती. बॅट लागल्यावर पायचीत होत नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळतं.

क्रॅबट्री हात पसरून, तोंड वर करून ओरडला. यष्टिरक्षक ओरडला, सगळे क्षेत्ररक्षक ओरडले. आणि क्लिफर्डने पॅव्हेलियनकडे बघितलं. का बघितलं ते त्याला पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. बाकांवर सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली होती. कुणीतरी हसत होतं, अजून काही घडलं नव्हतं तरी हसत होतं. त्याच्या मनात आलं, झालं, आता परत तीन वर्षं. आणि त्याचं बोट वर गेलं.

खुद्द क्रॅबट्रीचे हात हवेत तसेच राहिले, त्याला हे अपेक्षित नव्हतं. नेव्हिलने बॅटकडे बोट दाखवलं नाही, मान हलवली नाही. बॅट काखेत घेतली आणि चालायला लागला.

पॅव्हेलियनपर्यंतचं अंतर बरंच होतं. नियम असा आहे, की पंचाला चूक वाटली तर तो लगेच निर्णय मागे घेऊ शकतो, फलंदाजाला परत बोलवू शकतो. क्लिफर्डला नियम पाठ होता. नेव्हिलची पाठ लहान लहान होत चालली होती, आणि क्लिफर्डच्या घशात हाक तयार होती. एक शब्द पुरे होता. पण तेवढ्यात बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. आधी एकाच्या, मग सगळ्यांच्या. नेव्हिलच्या खेळाला असतील म्हणून क्लिफर्डने वर पाहिलं, तर लोक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. स्वतःच्या पोराला बाद दिलं म्हणून. त्याची हाक घशातच जिरली. नेव्हिल फाटकातून आत गेला, आणि मग खूप उशीर झाला.

पुढचा खेळ त्याने कसा पाहिला कुणास ठाऊक. थॉर्नशॉ हरलं. हरल्याचं गावाला वाईट वाटलं, पण त्याहून क्लिफर्डचा अभिमान वाटला, आणि तो त्याला येता जाता सांगितला गेला. म्हाताऱ्या हॅलिडेने त्याचा हात धरून म्हटलं, की तीन वर्षं मी तुझ्याबद्दल वाईटसाईट बोललो, माफ कर. क्लिफर्डला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हातावर थुंकला असता तरी बरं होतं.

हेस्केथ शेवटपर्यंत थांबला होता, कारण खाली जाणारी बस सामना संपल्यावरच होती. तो थांब्याकडे निघालेला दिसला तसा क्लिफर्ड डगला न काढता त्याच्या मागे धावला. धाप लागली होती. त्याने एका दमात सांगून टाकलं, की चेंडू आधी बॅटला लागला होता, मी आवाज ऐकला होता, माझा निर्णय चुकीचा होता, पोरगा बाद नव्हता.

हेस्केथने त्याच्याकडे प्रेमळपणे पाहिलं. तो प्रेमळपणा क्लिफर्डला चाबकासारखा लागला.

"मिस्टर सग्डन, दर आठवड्याला कुणाचे तरी वडील या थांब्यावर मला भेटतात. बॅट लागली होती, पंच आंधळा होता, असं सांगतात. तुम्ही स्वतःच पंच होतात, एवढाच फरक."

"मी खरं सांगतोय."

"असेलही. पण मैदानात तुम्ही तसं म्हणाला नाहीत. आता म्हणताय, ते बाप म्हणून म्हणताय. त्यात लाजण्यासारखं काही नाही." बस आली. पायरीवर चढता चढता तो म्हणाला, की मुलगा छानच खेळतो, पण मला क्लबच्या लोकांना मोठी धावसंख्या दाखवावी लागते, आणि माझ्या यादीत अजून दोघं आहेत. मग त्याने टोपी उचलली आणि बस उतारावरून निघून गेली.

क्लिफर्ड थांब्यावर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो पोरासाठी शब्द टाकायला आला होता, आणि ज्या एका माणसाला सांगून उपयोग होता, त्याच्या नजरेत तो पोराची वशिलेबाजी करणारा लबाड बाप ठरला होता. इतकी वर्षं ज्या नावाला तो भीत होता तेच नाव त्याला मिळालं, आणि तेही खरं बोलताना. यात कुणाला हसू येईल, पण त्याला रडूही येईना.

पबमध्ये सगळे जमले होते. तिथे न जाणं म्हणजे हजार प्रश्न, म्हणून तो गेला. क्रॅबट्रीने त्याच्यापुढे बिअरचा ग्लास आणून ठेवला, पाठीवर जोरात थाप मारली आणि खुर्चीवर चढून जाहीर केलं, की या खोऱ्यात एकच सच्चा अंपायर आहे, आणि त्याच्याबद्दल मी जे जे बोललो ते सगळं परत घेतो. सगळ्यांनी ग्लास उंचावले. खिडकीजवळ नेव्हिल होता. त्यानेही ग्लास उंचावला.

तेव्हा बोलायला हवं होतं. क्लिफर्ड उठलाही. पण कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला थांब्यावर कळून चुकलं होतं, असं तो स्वतःला सांगत होता. आणि त्या सांगण्याच्या खाली दुसरं एक होतं, ते जास्त ओंगळ होतं. ती चाळीस तोंडं त्याच्याकडे आदराने बघत होती आणि त्याला ते आवडत होतं. आत्ताही, पोराचं एवढं नुकसान झाल्यावरही, आवडत होतं. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. "आभारी आहे," एवढं म्हणून तो बसला आणि बिअर प्यायला. पूर्ण प्यायला.

घरी जाताना उजेड अजून होता, उन्हाळ्यात तिकडे तो लवकर जात नाही. नेव्हिल खेळाची पिशवी खांद्याला लावून पुढे चालत होता. चढावर त्याला खोकला आला म्हणून तो भिंतीला टेकला, आणि क्लिफर्डने त्याला गाठलं. खाली गिरणीचं धुरांडं दिसत होतं.

"नेव्हिल," क्लिफर्ड म्हणाला, "मला तुला काही सांगायचंय. तो चेंडू..."

"बाबा, राहू द्या."

"नाही, ऐक. बॅट लागली होती. मी ऐकलं होतं."

"मला माहीत आहे तुम्ही ऐकलं होतं," नेव्हिल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आवाज झाला तेव्हा तुमची मान जराशी हलली. मी मान वर केली तर ती दिसली. मला वाटलं, चला, वाचलो, बाबांनी ऐकलंय."

क्लिफर्ड त्याच्याकडे वळला. "मग बोलायचं होतंस. हाक मारायचीस. बॅट दाखवायचीस."

"पंचाशी वाद घालायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

नेव्हिलने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुम्ही मला चूक करून बाद दिलं असतं ना बाबा, तर मी विसरलो असतो. माणसाच्या हातून चूक होते. पण मान हलल्यावर तुम्ही बाकांकडे बघितलंत. मी पुढ्यातच उभा होतो, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत."

एवढं बोलून तो चालायला लागला. खालून, पबच्या दारातून, कुणीतरी क्लिफर्डला नावाने हाक मारून शाबासकी दिली, आणि सवयीने त्याचा हात वर गेला.